भासऱ्यासमोर बोलायचं नसतं

एका घरातली दोन माणसं आपसात बोलत नाहीत असं कळलं की आपले कान लगेच टवकारतात. वाटणीवरून बिनसलं असेल, नाहीतर चुलीवरून पेटलं असेल, असं आपण म्हणतो. एकोडीच्या चंद्रभागाबाईंच्या घरात मात्र यातलं काहीच नव्हतं. त्यांचा थोरला मुलगा तुलाराम आणि धाकट्या योगेंद्रची बायको डिंपल यांच्यात कधी वाकडा शब्द गेला नव्हता. वाकडा कसला, शब्दच गेला नव्हता! लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी तुलारामनं तिच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नव्हता.

कारण साधं. तो तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आपल्याकडे भासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नसतं, त्याच्या अंगाला अंग लागू द्यायचं नसतं, त्याचं नाव घ्यायचं नसतं. सकाळी डिंपल सपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, उंबऱ्यावर चहाचा कप ठेवी आणि हातातल्या बांगड्या वाजवी. तुलाराम तोंड भिंतीकडं फिरवी, आणि ती आत गेली की कप उचली. परसात जायच्या वाटेत तो उभा असला तर पुन्हा बांगड्या. तो मान खाली घालून बाजूला सरके, ती पदर कपाळापर्यंत ओढून निघून जाई. तोही बाहेरून येताना खाकरल्याशिवाय अंगणात पाऊल टाकत नसे.

तुलारामची बायको आजारपणात वारली होती. विधुर भासरा आणि तरुण सून एका घरात, म्हणून चंद्रभागाबाई जरा जास्तच जपत. "लोकाईच्या तोंडाले हात कोन लावन?" असं त्यांचं म्हणणं.

डिंपल मूळची भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. हायवेवरचं गाव, तिथून ती भंडाऱ्याच्या कॉलेजात रोज आपल्या स्कूटीनं जायची. बापानं लग्नात ती स्कूटीही सोबत पाठवली. इथं आल्यावर मात्र स्कूटी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गेली. योगेंद्र अधूनमधून तिला फिरवून आणी आणि पुन्हा झाकून ठेवी. गावातून बाहेर पडायला एकच रस्ता, तो पारापुढून जातो. पारावर म्हातारी मंडळी बसलेली असतात. त्यांच्यापुढून सुनेनं डोक्यावर पदर घेऊन, खाली बघत, पायी जायचं. गाडीवर बसून? छे!

तुलाराम माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. बाजाराच्या दिवशी तो सगळ्यांसाठी जिलेबी आणी आणि डिंपलचा वाटा आईच्या हाती न चुकता देई. खरी पंचाईत तीच आहे, मंडळी. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. चांगल्या माणसानं मनापासून पाळलेल्या वाईट रीतीशी भांडायचं कसं?

धानाची कापणी उरकत आली होती. तुलारामच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानाचे भारे परसात आणून त्यांचा उंच पुंजणा रचला होता. पुंजणा आणि परसाची भिंत यांच्यात एक माणूस कसाबसा जाईल एवढी बोळ उरली होती. त्या दुपारी तुलाराम तिथं अनवाणी उभा राहून खाली सुटून पडलेल्या पेंढ्या गोळा करत होता. योगेंद्र हार्वेस्टर घेऊन दुसऱ्यांचं धान कापायला सानगडीकडं गेला होता. आळीतली झाडून सगळी माणसं वावरात होती.

डिंपल भांड्याचं पाणी टाकायला परसात आली. बोळीच्या तोंडाशी आली आणि तिची नजर खाली गेली.

तुलारामच्या डाव्या पायापासून हातभर अंतरावर पेंढी हलत होती. वारा नव्हता. पेंढीखालून काळसर, चकचकीत अंग हळूहळू बाहेर आलं, थांबलं, आणि त्यानं मान उचलली. नाग होता.

डिंपलचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. काय म्हणून हाक मारायची? ज्या माणसाला तिनं कधी कशानंच हाक मारली नव्हती, त्याला हाक मारायचा शब्दच तिच्यापाशी नव्हता. आणि जे हात रोज करत होते तेच हातांनी केलं. तिनं जिवाच्या आकांतानं बांगड्या वाजवल्या.

तुलारामनं त्या ऐकल्या. सून आली, तिला वाट पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ त्याला ठाऊक होता. त्यानं मान खाली घातली, तोंड भिंतीकडं वळवलं आणि तिला वाट मिळावी म्हणून अदबीनं डावीकडं सरकला.

"साप!" डिंपल किंचाळली.

तिचा पहिला शब्द त्याच्या कानावर पडला तेव्हा नाग त्याच्या पायाला डसून पुंजण्यात शिरलाही होता.

चंद्रभागाबाई धावत आल्या. तुलाराम बोळीतून लंगडत बाहेर आला आणि अंगणातल्या बाजेवर बसला. घोट्याच्या वर रक्ताचे बारीक थेंब होते. म्हातारीनं छाती बडवून घेतली, मग पायाला आवळून बांधायला दोरी शोधू लागली.

"आई, आवळू नका," डिंपल दाराआडून म्हणाली. "पाय हलू द्यायचा नसते फक्त. काठी लावून सैल बांधा."

हो, दाराआडून! एवढं होऊनही ती बाहेर आली नव्हती. तिनं योगेंद्रला फोन लावला. घंटी वाजत राहिली. हार्वेस्टरच्या घरघरीत कुठून ऐकू येणार? तिनं पुन्हा लावला, परत लावला. मग दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला. गाडी एका बाळंतिणीला घेऊन निघाली होती. तिला सोडून येऊ, पण वेळ लागेल, तोवर दुसरं वाहन मिळालं तर निघा, असं पलीकडचा माणूस म्हणाला.

दुसरं वाहन ताडपत्रीखाली उभं होतं. ते तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही त्याचं नाव घेत नव्हते.

"योगेंद्र येईलच," तुलाराम म्हणाला. "थांबू."

"अन् नाई आला तं?" चंद्रभागाबाईंचा आवाज चिरकला.

डिंपल चौकटीला धरून उभी होती. माझ्यामुळं झालं हे, मीच त्यांना सापाकडं सरकवलं. आता गाडीवर बसवलं आणि वाटेत काही झालं तर? भासऱ्याला मागं बसवून नेलं आणि मारून आणलं म्हणतील. नाही नेलं आणि इथंच काही झालं तर? कोणी काहीच म्हणणार नाही. रीत सांभाळली म्हणतील! हा विचार मनात आला आणि ती शहारली.

तेवढ्यात फाटकाशी आरोळी आली, "मासोऱ्या घेता का व बाई, ताज्या!" ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातल्या गोदावरीबाई तलावावरून टोपलं घेऊन आल्या होत्या. अंगणातला प्रकार बघून त्यांनी टोपलं तिथंच उतरवलं.

"काय होय? कोनता साप?"

"नाग," दाराआडून डिंपल म्हणाली.

"मंग बसले काय सारे? ते ताडपत्रीखालची गाडी कोनाची होय?"

"सुनेची," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पण तो तिचा भासरा होय, गोदावरी. कसा बसन तिच्या मांगं? तिले धरा लागन. शिवा लागन."

"मी नाई बसत," तुलाराम मान खाली घालूनच म्हणाला. "लहान्या भावाची बायको लेकीसारखी असते. लोकं थुंकतील माह्यावर. तिच्यावर बी थुंकतील."

गोदावरीबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात चढ नव्हता, उतारही नव्हता.

"माह्या घरवाल्याले तलावाच्या पारीवर साप चावला, तवा मी बी अशीच दाराआड उभी होतो. मायंदाळ माणसं जमले. कोणी म्हणे मांत्रिक आणा, कोणी म्हणे भाऊ येऊ द्या. बाईनं मंधात बोलाचं नसते म्हून मी बोललो नाई. सारी रीत पाळली. तो गेला, बापा. रीत पाळणारे जेवून आपापल्या घरी गेले अन् मी आजवर टोपलं वायतो." मग त्या चंद्रभागाबाईंकडं वळल्या. "लेक म्हणतो नं तिले? मंग लेक बापाले शिवली तं इटाळ होते का? इज्जत म्हणतो, कोणाची व इज्जत? जितं माणूस असन तं इज्जत. मढ्याले कायची इज्जत?"

तुलारामनं वर पाहिलं. वर पाहिलं तेव्हा त्याच्या आईला दिसलं, की त्याच्या पापण्या नीट उघडत नाहीत. झोप आलेल्या लेकरासारख्या त्या खाली येत होत्या.

"आई, मले दोन-दोन दिसून राहिले," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

चंद्रभागाबाई ताडकन उठल्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी ताडपत्री ओढून फेकली.

"डिंपल! ये बाहेर! बाहेर ये, पोरी! चालव तुही गाडी!"

डिंपल बाहेर आली. पदर तिनं कमरेला खोचला. तुलारामला मध्ये बसवलं, पायाला काठी सैल बांधली आणि त्याला धरायला मागं चंद्रभागाबाई बसल्या. आयुष्यात त्या कधी स्कूटीवर बसल्या नव्हत्या. गोदावरीबाईंनी फाटक उघडलं आणि योगेंद्रला फोन लावत राहायचं कबूल केलं.

पाराजवळ आल्या आल्या तिथली मंडळी उठून उभी राहिली. सून गाडीवर, डोकं उघडं, मागं भासरा! एक म्हातारा काठी उगारून रस्त्यात आला. "कोनाची व सून तू? लाजशरम हाये का नाई?"

डिंपलचा हात ब्रेकवर गेला. वर्षांची सवय होती ती. गाडी हळू झाली. आणि मागून असा आवाज आला, की पारावरची चिमणीसुद्धा उडाली असेल.

"माही सून होय! माह्या लेकाचा जीव वाचवाले चालली! सरक बाजूले!"

म्हातारा सरकला. डिंपलनं हॉर्न दाबला तो गाव मागं पडेपर्यंत सोडला नाही.

साकोलीच्या दवाखान्याचा रस्ता दुपारी ओस होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या आणि मध्ये ही तीन माणसं. तुलारामनं हात स्वतःच्या मांड्यांवर घट्ट दाबून धरले होते. खड्डा आला की तो डगमगे, पण तिला धरत नसे. एका वळणावर तो कलंडलाच, चंद्रभागाबाई ओरडल्या. डिंपलनं एक हात मागं नेला, त्याचं मनगट पकडलं आणि ओढून आपल्या खांद्यावर ठेवलं.

"धरा, दादा!"

तो शब्द कुठून आला ते तिलाही कळलं नाही. खांद्यावरचा हात क्षणभर काढू पाहत होता, मग तिथंच राहिला.

"आता बोलत राहा माह्याशी. काही बी बोला. गप नका बसू."

"काय... बोलू?"

"माहं नाव घ्या."

मग जड जिभेनं तो म्हणाला, "डिं...पल."

"अजून. पुंजणा कितीक हाये मळायचा?"

"सारा."

"यंदा धान बरं हाये का?"

"बरं."

ती विचारत राहिली आणि तो उत्तरं देत राहिला. दोघांचं आयुष्यातलं पहिलं बोलणं ते! पण प्रत्येक उत्तर आधीच्याहून तोकडं येत होतं. शब्दांची अक्षरं झाली, अक्षरांचा नुसता हुंकार उरला. मग हुंकारही येईना.

"दादा? दादा, बोला!"

त्याचं डोकं तिच्या पाठीवर येऊन टेकलं. वजन सगळं तिच्यावर आलं. तिला मागं वळून बघायची हिंमत होईना.

"आई, श्वास हाये का? आई!"

मागून नुसतं रडणं ऐकू आलं. आपण मेलेलं माणूस घेऊन चाललो आहोत असं तिला वाटलं. तरी तिनं गाडी थांबवली नाही. थांबून काय करायचं होतं?

"हाये," शेवटी म्हातारी म्हणाली. "नाकाशी हात धरला. बारीक हाये, पण हाये. चाल तू."

दवाखान्याच्या दारात माणसांनी त्याला उचलून आत नेलं. "पेशंटचं नाव?" नर्सनं विचारलं. चंद्रभागाबाईंना धाप लागली होती, शब्द निघत नव्हता. भासऱ्याचं नाव! डिंपल मोठ्यानं म्हणाली, "तुलाराम. नाग चावला, मी डोळ्यानं पाहिला."

विषावरचं इंजेक्शन सुरू झालं. नंतर त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात हलवलं, नळी घालून श्वासाच्या यंत्राला जोडलं. योगेंद्र तोवर येऊन पोचला होता. पुढचा सगळा काळ त्या घरानं काचेच्या दाराबाहेर काढला. दार उघडून कोणी बाहेर आलं, की तिघांचेही चेहरे पांढरे पडत. डिंपलच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट सारखी येई, तो अदबीनं डावीकडं सरकतोय.

तिला ते सोसवेना. तिनं योगेंद्रला सगळं सांगितलं. "मी बांगड्या वाजवल्या म्हणून ते सरकले. मी 'साप' म्हटलं असतं तर वाचले असते. मीच केलं हे."

योगेंद्रनं पाण्याची बाटली उघडून तिच्या हाती दिली.

तुलाराम वाचला. नळी निघाली, घसा बसलेला होता, तरी शुद्धीवर येऊन त्यानं पहिल्यांदा डिंपलला बोलावलं. ती गेली, आणि सवयीनं पडद्याआड उभी राहिली.

"आत ये," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "समोर बस. तुले साप दिसला होता नं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाई?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बोलता नाही आलं, दादा."

"मले मालूम हाये." तो म्हणाला. "नळी होती माह्या तोंडात. डोळे उघडत नवते, हात उचलत नवता, पण मी जागा होतो. सारं आयकू येत होतं. हा पाय गादीत दबून पेटला होता, अन् कोनाले सांगता येत नवतं. माणसं बाजूनं जात-येत होते, चांगले माणसं, पण त्याईले कसं कळन? मनातल्या मनात बोंबललो मी. तवा मले तुही याद आली. मले थोडा वेळ असं झालं तं मी येडा झालो. तू तं आमच्या घरी आली तवापासून अशीच हायेस." त्यानं डोळे पुसले. "लग्न झालं तवा मीच योगेंद्रले म्हणलो होतो, तुह्या बायकोचं हासनं सपरीत आयकू येते, तिले सांग जरा. चूक तुही नाई, पोरी. तुहं तोंड मीच बंद केलं अन् साप मलेच चावला."

चंद्रभागाबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. "मी बी केलं रे," एवढंच त्या म्हणाल्या.

तुलाराम घरी आला तेव्हा नातेवाईक भेटीला आले. नत्थूमामा सपरीत पाट घेऊन बसले आणि सुपारी कातरत म्हणाले, "जीव वाचला, बेस झालं. अडल्या वेळी चालते. पण आता सुनेनं आपली मर्यादा पाळावी. गावात बोलून राहिले लोकं."

"बोलू द्या, मामा," तुलाराम म्हणाला. "लोकाईले बोलता येते तं माह्या घरच्या बाईले बी येते. मरताना चालते अन् जगताना चालत नाई, हे कोनती मर्यादा होय?"

मामांनी अडकित्ता मिटून खिशात टाकला.

तरी एवढ्यानं सगळं सरळ झालं असं समजू नका. खरी परीक्षा नंतर झाली. पायाची सूज पुरती उतरली नव्हती, तरी एका सकाळी तुलाराम मळणीसाठी पुंजण्याकडं निघाला. चंद्रभागाबाई बघत होत्या, योगेंद्र बघत होता, मोठ्या भावाला कोण अडवणार?

"दादा, थांबा!" डिंपल अंगणाच्या मधोमध उभी होती. "आज जायचं नाही. डॉक्टरनं मनाई केली. अन् बूट घातल्याशिवाय, काठीनं पेंढ्या हलवल्याशिवाय तिकडं पाय टाकायचा नाही, उद्या बी नाही."

तुलारामचा चेहरा कडक झाला. दोन गोड शब्द ऐकणं सोपं असतं, पण सुनेचा हुकूम? जन्माची सवय कपाळावर आठ्या होऊन उभी राहिली. डिंपलनं नजर खाली घेतली नाही.

"मंग धान कोन मळन? तू?" तो गुरकावला.

"मी अन् हे मळतो. तुम्ही बसून सांगा."

तो कुरकुरत बाजेवर बसला आणि म्हणाला, "पयले खालचे भारे नोका ओढू मंग. वरून काढा."

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या घरात डोकावून बघा. सून, लेक, बायको, म्हातारी आई, यांच्यापैकी कोणाला तरी या क्षणी काहीतरी दिसत असेल. मुलाचं व्यसन दिसत असेल, दुखणं दिसत असेल, बुडता व्यवहार दिसत असेल. तिला ते आपल्याआधी दिसलेलं असेल, आणि 'बायकांनी मध्ये बोलायचं नसतं' म्हणून ती गप्प असेल. मान द्यायचा तर तिच्या बोलण्याला द्या. ज्या रीतीनं ती मुकी होते त्या रीतीला मर्यादा म्हणू नका. तिनं बोललेलं आपल्याला आवडेलच असं नाही. तुलारामलाही आवडलं नव्हतं. पण त्यानं ऐकलं.